जुनी इंग्रजी गाणी ऐकायची कशी? नव्या कानांसाठी काही पायऱ्या

ज्यांचे कान भावगीत, नाट्यसंगीत आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांवर तयार झालेत आणि ज्यांना आता साधारण १९५५ ते १९८० या काळातली इंग्रजी गाणी ऐकायला लागायचंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ‘त्यातले शब्दच कळत नाहीत हो’ ही तक्रार मी नेहमी ऐकतो. पण शब्द न कळता आपण पंजाबी, बंगाली, तमीळ गाणी गुणगुणतोच की. खरी अडचण वेगळीच आहे. गायकाच्या तोंडून येणारी चाल धरायची आपल्या कानाला सवय असते, आणि या गाण्यांत निम्मी गंमत त्या चालीच्या खाली चाललेली असते. कान खाली न्यायला जमलं की बाकीचं पुष्कळसं आपोआप उलगडतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

तयारी फार लागत नाही. फक्त एक पथ्य पाळा: मोबाइलच्या स्पीकरवर ही गाणी ऐकू नका. त्या एवढ्याशा स्पीकरमधून खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत, आणि आपल्याला नेमके तेच हवेत. दोन्ही कानांत घालायचे साधे इअरफोन चालतील, घरात बऱ्यापैकी स्पीकर असतील तर उत्तमच. शोधताना गाण्याचं नाव रोमन लिपीत टाइप करा आणि सोबत गायकाचं किंवा बँडचं नावही टाका, कारण एका नावाची दहा-दहा गाणी सापडतात.

पायरी पहिली: ओळखीच्या दारातून आत या

तुमचा कान वाटतो तितका कोरा नाही. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे आपले सी. रामचंद्र, यांनी १९५७ च्या ‘आशा’ चित्रपटात ‘ईना मीना डीका’ दिलं. तोवर अमेरिकेतलं रॉक अँड रोल जगभर पसरून फार दिवस झाले नव्हते. त्यांच्या ‘अलबेला’तल्या ‘शोला जो भडके’मागे चिक चॉकलेट या गोवेकर ट्रम्पेटवादकाचा हात होता. सेबास्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही मंडळीही गोव्याचीच. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून पाश्चात्त्य स्वरलेखन शिकलेले असे कितीतरी वादक मुंबईला आले. हॉटेलांतल्या बँडमध्ये वाजवू लागले आणि तिथून सिनेमाच्या स्टुडिओत गेले. संगीतकार चाल सांगायचे, आणि तिच्याखाली व्हायोलिनांनी काय वाजवायचं, ब्रासने (ट्रम्पेटसारख्या पितळी वाद्यांनी) कुठे उठायचं, हे ही मंडळी कागदावर उतरवायची. शंकर-जयकिशनच्या गाण्यांतला तो भरगच्च वाद्यवृंद बराचसा सेबास्टियन यांच्या लेखणीतून आलाय. म्हणजे चालीखालचं संगीत आपण लहानपणापासून ऐकत आलोय, फक्त त्याच्याकडे लक्ष दिलेलं नाही.

म्हणून सुरुवात जोड्यांनी करा. १९६५ च्या ‘जानवर’मधलं ‘देखो अब तो किसी को नहीं है खबर’ ऐका आणि लगेच बीटल्सचं ‘आय वाँट टू होल्ड युअर हँड’ लावा. ‘हम किसी से कम नहीं’मधलं ‘मिल गया हमको साथी’ ऐकून ॲबाचं ‘मामा मिया’ ऐका. ‘शोले’तल्या ‘मेहबूबा’नंतर डेमिस रुसोसचं ‘से यू लव्ह मी’. कुणी कुणाचं उचललं, हा वाद इथे नको. चाल तुमच्या ओळखीची असल्यामुळे कान मोकळा राहतो आणि आजूबाजूला काय चाललंय तिकडे जातो. गिटार कशी वाजते, मागचे आवाज कधी येतात, ठेका कुठे पडतो, एवढंच बघा.

पायरी दुसरी: खरं मुद्रण (रेकॉर्डिंग) ओळखा

ही पायरी नवखे लोक हमखास ओलांडून जातात आणि मग म्हणतात, ‘गाणं ठीक आहे, पण लोक एवढं कौतुक का करतात कळलं नाही.’ त्यांनी बहुतेक वेळा मूळ गाणं ऐकलेलंच नसतं.

झालं असं की त्या काळात गाण्याच्या मूळ मुद्रणाची मालकी साधारणपणे रेकॉर्ड कंपनीकडे असे. गायकाने कंपनी बदलली की त्याची जुनी गाजलेली गाणी जुन्या कंपनीकडेच राहत. मग नव्या कंपनीसाठी तीच गाणी पुन्हा गाऊन घेतली जात. एव्हर्ली ब्रदर्स या गायक भावांनी १९६४ मध्येच आपली आधीची गाणी अशी पुन्हा मुद्रित केली. रॉय ऑर्बिसनने १९८० च्या दशकात आपल्या साठच्या दशकातल्या गाण्यांचं तेच केलं. त्याचा गळा तेव्हाही सुरेख होता, पण त्याच्याभोवतीचा काळ बदललेला होता, आणि तो फरक ऐकू येतो.

तेव्हा गाणं लावण्याआधी नावाच्या पुढचं वाचा. ‘रीमास्टर्ड’ असेल तर बिनधास्त ऐका, जुनंच मुद्रण स्वच्छ करून दिलेलं असतं. ‘री-रेकॉर्डेड’ किंवा ‘न्यू रेकॉर्डिंग’ असेल तर पुढे जा. ‘लाइव्ह’ नंतरसाठी ठेवा. ‘ट्रिब्यूट’, ‘कराओके’, ‘इन द स्टाइल ऑफ’ असलं काही दिसलं तर ते दुसऱ्याच कुणीतरी गायलेलं आहे. पन्नास-शंभर गाण्यांच्या स्वस्त संग्रहांत हा पुनर्मुद्रित माल फार भरलेला असतो, म्हणून शक्यतो त्या गायकाच्या स्वतःच्या अल्बमवरून किंवा त्याच्या अधिकृत निवडक संग्रहावरून गाणं निवडा.

पायरी तिसरी: तीन मिनिटांत काय काय बसतं ते पाहा

आपली जुनी भावगीतं तीन-सव्वातीन मिनिटांची का, हे ठाऊक असेलच: ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. पाश्चात्त्य पॉपचीही तीच गोष्ट. १९४९ मध्ये आरसीए या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीने सात इंची, ४५ फेऱ्यांची छोटी तबकडी आणली. पुढची बाजू गाजवायच्या गाण्याची, मागची बाजू दुसऱ्याची. यालाच सिंगल म्हणतात. रेडिओवाल्यांनाही छोटी गाणी सोयीची पडायची. त्यामुळे दोन कडवी, ध्रुवपद, मध्येच एक वेगळा तुकडा, पुन्हा ध्रुवपद, असा बांधा पक्का झाला. तो मधला तुकडा, ज्याला ते ‘ब्रिज’ किंवा ‘मिडल एट’ म्हणतात, तो नीट ऐका. आपल्याकडे दोन अंतऱ्यांची चाल बहुधा सारखी असते. इथे गाण्याच्या मध्यावर चाल अचानक वेगळ्या वाटेने जाते आणि एकदाच जाते.

साचा पक्का झाल्यावर तो मोडणारेही आले. बॉब डिलनचं ‘लाइक अ रोलिंग स्टोन’ (१९६५) सहा मिनिटांच्या वर गेलं, बीटल्सचं ‘हे ज्यूड’ (१९६८) सात मिनिटांच्या वर, आणि त्यातला निम्म्याहून जास्त भाग शेवटचं सामूहिक गायन आहे.

सिंगलच्या मागच्या बाजूही चाळा. बीटल्सच्या ‘लेडी मॅडोना’ या १९६८ च्या सिंगलमागे ‘द इनर लाइट’ नावाचं गाणं आहे. त्यातली सगळी वाद्यं जॉर्ज हॅरिसनने त्याच वर्षी जानेवारीत मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांकडून वाजवून घेतली होती. गायन नंतर लंडनमध्ये झालं.

पायरी चौथी: चालीखाली काय हलतंय ते ऐका

आता मुख्य काम. इथे घाई करू नका, आठवडा गेला तरी चालेल.

आपल्या संगीतात तंबोरा लागला की षड्ज ठरला. मैफल संपेपर्यंत तो हलत नाही, आणि प्रत्येक स्वराचा भाव त्या स्थिर सा वरून ठरतो. पाश्चात्त्य गाण्यात चालीखालचा आधार दर काही मात्रांनी बदलतो. तीन-चार स्वर एकत्र वाजवून जो आधार तयार होतो तो कॉर्ड, आणि त्याचा पाया बहुतेक वेळा खर्जातले स्वर वाजवणारी बेस गिटार सांभाळते. वर गायक एकच स्वर धरून बसला असला तरी खालचा आधार बदलला की त्या स्वराचा रंग बदलतो. भिंतीवरचं चित्र तेच, पण खिडकीतला उजेड सकाळचा की संध्याकाळचा, यावर ते वेगळं दिसतं, तसंच हे.

हे पटण्यासाठी ‘लेट इट बी’ घ्या. हे १९७० चं गाणं पांढरी एकमध्ये आहे. हार्मोनियम असेल तर पांढरी एकचा सा दाबून धरा, नसेल तर मोबाइलवरच्या तंबोऱ्याच्या ॲपमध्ये ‘सी’ लावा, किंवा सरळ गळ्याने धरा. गाणं सुरू करा आणि पियानो वाजत असताना तुमचा सा सोडू नका. पहिल्या आधारावर तो घरात असल्यासारखा बसेल. लगेच आधार पंचमावर जाईल आणि तोच सा टोचायला लागेल. मग आधार धैवतावर येईल आणि तुमचा सा एकदम उदास होईल, कारण धैवतापासून मोजला तर तो आता कोमल गंधार झाला. पुढे मध्यमावर आधार आला की तो पुन्हा निवांत होतो, कारण तिथून तो पंचम. तुम्ही काहीच बदललं नाही, तरी एका स्वराने चार चेहरे दाखवले. मी आजवर ज्यांना ज्यांना हा प्रयोग करायला लावलाय, त्यातले गाणं शिकलेले लोक तर थक्कच होतात, कारण त्यांचा सा पक्का असतो आणि टोचणं त्यांना जास्त स्पष्ट जाणवतं.

हे जमलं की बेन ई. किंगचं ‘स्टँड बाय मी’ (१९६१) लावा. बेस शिकण्यासाठी यापेक्षा चांगलं गाणं मला माहीत नाही. सुरुवातीलाच बेस जवळजवळ एकटा वाजतो, सोबत बारीकसा ठेका. सरगममध्ये सांगायचं तर तो सा पासून निघून खालच्या धैवतावर उतरतो, तिथून आणखी खाली मध्यमावर जातो, मग पंचम आणि परत सा. एकूण ३२ मात्रा. हे आवर्तन संपूर्ण गाण्यात बदलत नाही. कडवं असो, ध्रुवपद असो, मधलं व्हायोलिनांचं वादन असो, खाली तेच सा-ध-म-प-सा चालू असतं. पहिल्यांदा ऐकताना गायकाकडे पूर्ण दुर्लक्ष करा आणि फक्त बेससोबत तोंडाने सरगम म्हणा. दुसऱ्यांदा गायक ऐका. तिसऱ्यांदा दोन्ही एकत्र. त्या काळातल्या कितीतरी गाण्यांखाली हाच क्रम आहे, आणि एकदा कानात बसला की तो सगळीकडे भेटत राहतो.

तिसरं गाणं टेम्प्टेशन्सचं ‘माय गर्ल’, १९६४, डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचं. आधी बेसच्या दोन-दोन ठोक्यांची धडधड ऐकू येते. ती वाजवणारा जेम्स जेमरसन. त्या पिढीतल्या बेसवादकांमध्ये माझ्या लेखी त्याच्या तोडीचा कुणी नाही. मग गिटार वर चढते, आणि तिचे स्वर आहेत सा रे ग प ध सां. थेट भूपाचा आरोह! राग म्हणून तो भूप नव्हे. आधार बदलला की तोच आरोह पुढच्या सा वरून पुन्हा चढतो, आणि असं भूपात कधी होत नाही. पण ओळखीचे पाच स्वर डेट्रॉइटच्या स्टुडिओत भेटले की परकेपणाची भावना बरीचशी गळून पडते.

वाद्यं वेगळी ऐकायची आणखी एक सोय आहे. बीटल्सचा पहिला अल्बम ‘प्लीज प्लीज मी’ (१९६३) दोनच ट्रॅकच्या, म्हणजे आवाजाच्या दोनच वेगळ्या पट्ट्यांच्या, यंत्रावर मुद्रित झाला होता. त्यातली दहा गाणी एकाच दिवसात, ११ फेब्रुवारीला झाली, आणि ‘ट्विस्ट अँड शाउट’ सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण त्यात जॉन लेननचा गळा फाटणार हे सगळ्यांना दिसत होतं. या अल्बमच्या स्टिरिओ आवृत्तीत वाद्यं डाव्या कानात आणि गायन उजव्या कानात आहे. उजवा इअरफोन काढा. आता फक्त पॉल मॅकार्टनीचा बेस, रिंगो स्टारचे ड्रम आणि गिटारी उरतात. ‘आय सॉ हर स्टँडिंग देअर’ अशा एका कानाने ऐकलं की बेस किती धावतोय ते कळतं.

पायरी पाचवी: टाळी दोन आणि चारवर

आपण सम पकडतो. पहिल्या मात्रेवर मान हलते. रॉकमध्ये चार मात्रांपैकी जोराचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो, आणि तो स्नेअर ड्रमचा, खण्णकन वाजणारा असतो. यालाच बॅकबीट म्हणतात. सवय करायला क्वीनचं ‘वी विल रॉक यू’ (१९७७) घ्या. दोनदा पाय आपटायचे, एकदा टाळी. ती टाळी नेमकी दोन आणि चारवर येते. शेवटच्या गिटारपर्यंत त्यात पायांचे ठोके, टाळ्या आणि आवाज यांशिवाय काहीच नाही, त्यामुळे चुकायला जागाच नाही. याचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला. तिथल्या ‘द हेक्टिक्स’ या मुलांच्या बँडमध्ये तो पियानो वाजवायचा.

पुढे चक बेरीचं ‘जॉनी बी. गुड’ (१९५८). इथे ताल मोजू नका, आवर्तनं मोजा. चार मात्रांचा एक खंड, असे बारा खंड, म्हणजे ४८ मात्रांचं एक आवर्तन. पहिले चार खंड सा च्या आधारावर, पुढचे दोन मध्यमावर, दोन परत सा वर, दोन पंचमावर आणि शेवटचे दोन सा वर. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातून आलेला हा साचा आहे आणि रॉकचा अर्धा डोलारा त्यावर उभा आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवर पृथ्वीचा आवाज म्हणून जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी पाठवली, तिच्यात हे गाणं आहे. त्याच तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. एका संध्याकाळी ही दोन्ही पाठोपाठ जरूर ऐका.

तालात मुरलेल्यांसाठी पिंक फ्लॉइडचं ‘मनी’ (१९७३). नाण्यांच्या आणि गल्ल्याच्या आवाजाने सुरू होतं आणि बेस सात मात्रांत चालतो, रूपकाएवढ्याच. खंड रूपकासारखे पडत नाहीत, पण मोजून बघा, सात भरतात. गिटारचं एकल वादन आलं की ताल चार मात्रांवर येतो आणि गाणं एकदम सुटल्यासारखं पळू लागतं.

पायरी सहावी: आवाजांच्या जोड्या

आता गायकांकडे या. सुरुवातीला आरडाओरडा नको वाटत असेल तर जिम रीव्ह्जचं ‘ही’ल हॅव टू गो’ लावा. तो माइकच्या अगदी जवळ येऊन, जणू फोनवर बोलावं तसं हळू गातो. नाताळात त्याची गाणी आजही आपल्याकडच्या कित्येक ख्रिस्ती घरांत वाजतात. एंगलबर्ट हम्परडिंक मद्रासला जन्मलेला, क्लिफ रिचर्ड लखनौला. या दोघांचेही उच्चार स्वच्छ असल्याने नवख्या कानाला सोपे जातात. आणि बाईचा खर्जातला आवाज काय करू शकतो हे ऐकायचं असेल तर कारपेंटर्सची कॅरन कारपेंटर. ‘यस्टरडे वन्स मोअर’ सगळ्यांना माहीत असतं. मी म्हणेन आधी ‘सुपरस्टार’ (१९७१) ऐका. शब्द ती किती कमी श्वासात, किती कमी जोर लावून टाकते ते बघा.

मग एकापेक्षा जास्त आवाज. एव्हर्ली ब्रदर्सचं ‘ऑल आय हॅव टू डू इज ड्रीम’ (१९५८) ऐकताना दोन भाऊ एकच चाल गातायत असं आधी वाटेल. तसं नाही. डॉन खालची ओळ गातो, फिल वरची, आणि दोघांमध्ये बहुतेक ठिकाणी सा आणि गंधाराएवढं अंतर असतं. एकदा फक्त खालच्या आवाजासोबत गुणगुणा, एकदा वरच्या. वरच्यासोबत गुणगुणताना गळा पुन्हा पुन्हा खालच्या ओळीवर घसरतो. घसरू द्या, चार-सहा वेळा ऐकल्यावर धरता येते. बीटल्स आणि सायमन अँड गारफंकल ही मंडळी हेच ऐकत मोठी झाली.

सायमन अँड गारफंकलचं ‘द साउंड ऑफ सायलेन्स’ तर दोन वेळा ऐकायलाच हवं, दोन वेगळ्या मुद्रणांत. १९६४ च्या अल्बमवर दोन आवाज आणि साधी गिटार आहे. तो अल्बम पडला, जोडी मोडली, पॉल सायमन इंग्लंडला निघून गेला. १९६५ च्या जूनमध्ये टॉम विल्सन या निर्मात्याने दोघांना न विचारता त्याच मुद्रणावर इलेक्ट्रिक गिटार, बेस आणि ड्रम चढवले, आणि १९६६ च्या जानेवारीत ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. आधी जुनं ऐका, मग हे. गायन तसूभरही बदललेलं नाही. मूळ मुद्रणात ठेका नव्हताच, त्यामुळे लय जरा मागेपुढे होते, आणि नंतर वाजवणाऱ्यांना ती सांभाळून घ्यावी लागली आहे. लक्ष दिलंत तर ते सांभाळणं ऐकू येतं. मला स्वतःला साधं मुद्रण जास्त आवडतं, पण चालीखाली काय घातलं की गाण्याचं काय होतं, याचा याहून चांगला धडा नाही.

पायरी सातवी: शब्द, पण उशिरा

गाणं पाच-सहा वेळा ऐकून झाल्यावरच शब्द वाचा, आणि गाणं चालू असताना वाचू नका. आधी कागदावर वाचा, अर्थ लावा, मग बाजूला ठेवून ऐका. लेखी शब्द समोर असले की डोळे पुढे धावतात आणि कान बंद होतात.

चालीवरून अर्थ ठरवणं मात्र टाळा. पोलिस या बँडचं ‘एव्हरी ब्रेथ यू टेक’ (१९८३) कित्येकांनी लग्नात वाजवलं आहे. शब्द वाचले तर ते प्रत्येक पावलावर पाळत ठेवणाऱ्या माणसाचं गाणं निघतं. (हाच बँड १९८० मध्ये मुंबईत वाजवून गेला होता.) ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या ‘बॉर्न इन द यूएसए’ची घोषणेसारखी चाल ऐकून ते देशाभिमानाचं गाणं वाटतं. आत आहे व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकाची कडवट कहाणी.

पायरी आठवी: सुट्या गाण्यांकडून अख्ख्या अल्बमकडे

आवडलेल्या गायकाचा आधी एक निवडक संग्रह घ्या. बीटल्सचा ‘वन’, ॲबाचा ‘गोल्ड’, क्वीनचा १९८१ चा ‘ग्रेटेस्ट हिट्स’, क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचा ‘क्रॉनिकल’ हे चारही भरवशाचे. मग त्याच गायकाचा एक पूर्ण अल्बम. ॲपमधलं शफल बंद करा आणि क्रॉसफेड चालू असेल तर तेही बंद करा, नाहीतर एक गाणं दुसऱ्यावर चढतं आणि मूळ जोडणी बिघडते. ‘अ‍ॅबी रोड’च्या (१९६९) उत्तरार्धातली छोटी गाणी एकमेकांना जोडलेली आहेत, ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) सुमारे ४३ मिनिटांत सलग ऐकायचा आहे. कॅरोल किंगचा ‘टॅपेस्ट्री’ (१९७१) आणि फ्लीटवुड मॅकचा ‘रूमर्स’ (१९७७) मात्र कुठूनही सुरू केले तरी चालतात. दोन्ही पहिल्या अल्बमसाठी मी मनापासून सुचवीन.

‘हॉटेल कॅलिफोर्निया’ मी मुद्दाम इथवर ठेवलं, कारण ते सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. आता चौथ्या पायरीवरचा कान घेऊन पुन्हा ऐका. कडव्याखाली आठ आधार एकामागून एक येतात, मग पुन्हा पहिल्यापासून. ड्रम वाजवणारा डॉन हेन्लीच गातोय. शेवटी डॉन फेल्डर आणि जो वॉल्श दोन मिनिटं गिटार वाजवतात, आधी आळीपाळीने, मग दोघं मिळून एव्हर्ली बंधूंसारखे वरखाली. आणि त्या सगळ्याखाली कडव्याचेच आठ आधार फिरत असतात. कडवं मनात गुणगुणत ते वादन ऐका, बरोब्बर बसतं.

तबकड्या घ्यायच्या असतील तर

मुंबईच्या चोरबाजारात जुन्या तबकड्या अजून मिळतात. काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ मध्ये बंद झालं. तबकडी तिरकी धरून उजेडात फिरवा. केसासारखे वरवरचे ओरखडे चालतात. नख अडकेल असा ओरखडा असेल तर सुई तिथे उडी मारणार. भारतात दाबलेल्या जुन्या तबकड्यांवर कोलकात्याजवळच्या डमडमचा उल्लेख दिसेल, ग्रामोफोन कंपनीचा कारखाना तिथे होता. ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची असते आणि तिला वेगळी, जाड सुई लागते. एलपीच्या, म्हणजे नंतरच्या मोठ्या तबकडीच्या, सुईने ती वाजवू नका, सुई आणि तबकडी दोन्ही खराब होतात.

घरातल्या मोठ्यांना सोबत घ्यायचं असेल तर

त्यांच्या जन्मसालात पंधरा मिळवा आणि तिथून पुढची सात-आठ वर्षं धरा. त्या वयात ऐकलेली गाणी माणसाला सगळ्यात घट्ट आठवतात. १९४५ चा जन्म असेल तर क्लिफ रिचर्ड, जिम रीव्ह्ज, एव्हर्ली ब्रदर्स, सुरुवातीचे बीटल्स. १९५२-५३ चा असेल तर कारपेंटर्स, सायमन अँड गारफंकल, क्रीडन्स. १९६० च्या आसपासचा असेल तर ॲबा, बोनी एम आणि ईगल्स. दोन-तीन वर्षं पुढे धरा, कारण तबकड्या इथे पोचायला वेळ लागायचा आणि पुष्कळांची गाठ या गाण्यांशी रेडिओ सिलोनच्या इंग्रजी कार्यक्रमांतूनच पडायची. त्यांना गाण्याचं नाव आठवत नसेल तर चाल गुणगुणायला सांगा. गुणगुणलेल्या चालीवरून गाणं शोधायची सोय मोबाइलवर आहे आणि ती बऱ्याचदा नेमकं गाणं काढून देते. वयानुसार वरचे बारीक सूर कमी ऐकू येतात, त्यामुळे आवाज वाढवत नेण्यापेक्षा स्पीकरचं ट्रेबल थोडं चढवा, आणि त्यांच्यासाठी बेस दोन घर खाली आणा.